नियम बदलला की ड्रायव्हर बदलतो का? फॉर्म्युला वनमधून ‘कारण’ शोधायला शिकूया

सेबॅस्टियन व्हेटेलने २०११, २०१२ आणि २०१३ या तीन हंगामांत मिळून २९ शर्यती जिंकल्या. २०१४ मध्ये एकही नाही. संघ तोच, रेड बुल. माणूस तोच, वय सत्तावीसच्या आसपास, म्हणजे म्हातारा झाला असंही नाही. बदलले होते ते गाडीचे नियम. त्याच वर्षी त्याच संघात नव्याने आलेल्या डॅनियल रिकार्डोने मात्र तीन शर्यती जिंकल्या.

यावर बहुतेकांचं उत्तर तयार असतं: ‘व्हेटेलला नवी गाडी जमली नाही.’ गप्पांमध्ये हे वाक्य चालतं. पण हेच वाक्य तुम्ही सिनॉप्सिसमध्ये ‘निष्कर्ष’ म्हणून लिहिलंत, तर समोर बसलेले परीक्षक पहिला प्रश्न हाच विचारतील: ‘हे कशावरून?’

पेटची तयारी करणाऱ्या किंवा नुकतंच रजिस्ट्रेशन झालेल्या अनेकांचा विषय ‘अमुक धोरणाचा तमुक गोष्टीवर परिणाम’ असा असतो. आधी काय होतं, नंतर काय झालं, फरक किती, म्हणून परिणाम इतका. ही मांडणी कुठे कच्ची पडते हे समजायला फॉर्म्युला वनसारखं उदाहरण नाही. नियम ठरलेल्या तारखेला बदलतात, एका संघाच्या दोन्ही ड्रायव्हरना जवळपास सारखी गाडी मिळते आणि सगळे आकडे उघडे असतात. इतकी सोय असूनही उत्तर सरळ मिळत नाही. का ते बघूया.

आधी थोडं भौतिकशास्त्र

टायरकडे पकडीचं ठरावीक भांडवल असतं. ते तीन कामांत वाटायचं असतं: वेग कमी करणं, वळणं आणि वेग वाढवणं. सगळं भांडवल ब्रेकला घातलं तर वळायला काही उरत नाही. ब्रेक दाबला की वजन पुढच्या चाकांवर जातं, मागची चाकं हलकी होतात आणि गाडी चटकन वळते, पण मागून घसरायचा धोकाही वाढतो. ॲक्सिलरेटर दिला की उलटं होतं.

ड्रायव्हरची ‘शैली’ म्हणजे हे भांडवल तो कधी आणि कसं खर्च करतो. कुणाला गाडीचं नाक तीक्ष्ण लागतं, मागचा भाग थोडा सुटला तरी तो सांभाळून घेतो. कुणाला मागचा भाग घट्ट हवा असतो, त्याशिवाय तो पूर्ण वेगाने वळणात शिरत नाही. यातली एक शैली चांगली आणि दुसरी वाईट असं नसतं. हातातली गाडी कोणत्या शैलीला जास्त बक्षीस देते, एवढाच प्रश्न असतो. नियम बदलले की हे बक्षिसाचं गणित बदलतं.

तीन उदाहरणं घेऊ.

२००८ मध्ये सगळ्यांना एकच इलेक्ट्रॉनिक कंट्रोल युनिट सक्तीचं झालं आणि ट्रॅक्शन कंट्रोल गेलं. त्याआधी वळणातून बाहेर पडताना चाक जागच्या जागी फिरू लागलं तर संगणक ताकद कमी करायचा. आता ते काम उजव्या पायावर आलं.

२०११ च्या आसपास एक्झॉस्टचा गरम झोत गाडीच्या मागच्या डिफ्यूझरकडे सोडायचं तंत्र शिगेला पोचलं होतं. झोत जितका जोरात, तितका मागच्या बाजूला डाउनफोर्स जास्त. याचा अर्थ गंमतीशीर आहे. नेहमीच्या गाडीत वळणात मागचा भाग सुटतोय असं वाटलं तर माणूस पाय उचलतो. इथे मात्र ॲक्सिलरेटर दिला तर पकड *वाढायची*. संघांनी तर इंजिनाची मांडणी अशी केली की पाय उचलला तरी झोत चालू राहावा. व्हेटेलची पद्धत या गाडीला फार जुळली असं तेव्हापासून म्हटलं जातं: गाडी वळणाच्या सुरुवातीलाच झटक्यात फिरवायची आणि लगेच ॲक्सिलरेटरवर यायचं.

२०१४ मध्ये २.४ लिटरचं व्ही-८ इंजिन जाऊन १.६ लिटरचं टर्बो हायब्रिड व्ही-६ आलं. कमी आरपीएमला टॉर्क जास्त, त्यामुळे मागची चाकं पटकन फिरायची. एक्झॉस्टच्या झोताचा फायदा नियमाने संपवला. मागच्या ब्रेकचं काम तीन ठिकाणी वाटलं गेलं: डिस्क, वीज साठवणारी १२० किलोवॅटची मोटर आणि इंजिनाचा स्वतःचा अवरोध. या तिघांचं प्रमाण संगणक सांभाळू लागला. वर संपूर्ण शर्यतीला १०० किलो इंधनाची मर्यादा. म्हणजे पायाखालचा ब्रेक आणि ॲक्सिलरेटर दोन्हींची ‘भाषा’ एकाच हिवाळ्यात बदलली.

शरीर नवीन नियम कसा शिकतं?

हे समजायला रेसिंग कारची गरज नाही. गिअरची मोटारसायकल चालवणारा माणूस पहिल्यांदा स्कूटरवर बसतो तेव्हा काय होतं? वेग कमी करताना डावा हात सवयीने क्लच दाबतो. पण स्कूटरला डावीकडे मागचा ब्रेक असतो. गाडी गचकन थांबते आणि मागे बसलेला पाठीवर आदळतो. त्या माणसाला स्कूटरला क्लच नसतो हे *माहीत* असतं. पण हाताला ते अजून माहीत नसतं.

प्रयोगशाळेत हीच गोष्ट फार सुंदर दाखवली गेली आहे. १९९४ मध्ये रेझा शादमेहर आणि फर्डिनांडो मुस्सा-इवाल्डी यांनी लोकांना एका रोबोटच्या हाताची मूठ धरून समोरच्या लक्ष्याकडे हात न्यायला सांगितलं. रोबोट मध्येच बाजूने जोर लावायचा. सुरुवातीला हाताचा मार्ग वाकडा झाला. सराव होत गेला तसा तो परत सरळ झाला. मग संशोधकांनी काही वेळा अचानक तो जोर काढून टाकला, तर हात उलट्या बाजूला वाकडा गेला! म्हणजे मेंदू फक्त ताठ राहून जोराला विरोध करत नव्हता. जोर किती येणार याचा अंदाज बांधून तो आधीच उलटा जोर लावत होता.

२००६ मध्ये शादमेहर आणि सहकाऱ्यांनी यात आणखी भर घातली. अशा शिकण्यात एकाच वेळी दोन प्रक्रिया चालतात असं मॉडेल त्यांनी मांडलं: एक पटकन शिकते आणि पटकन विसरते, दुसरी हळू शिकते पण टिकवून ठेवते.

आता इथे थांबा. हे प्रयोग हाताच्या छोट्या हालचालींचे आहेत. ताशी ३०० किलोमीटरने गाडी चालवणाऱ्या माणसाला ते जसेच्या तसे लावता येत नाहीत. पण त्यातून एक *गृहीतक* मिळतं: ज्याची जुनी सवय जितकी पक्की, त्याला नियम बदलल्यावर सुरुवातीला तितका त्रास व्हावा आणि तो त्रास काही काळाने कमी व्हावा. लक्षात घ्या, या गृहीतकात ‘काळ’ आहे. म्हणजे आपण *कधी* मोजतो यावर उत्तर बदलणार.

२००८ चा फेलिपे मासा आठवा. ट्रॅक्शन कंट्रोल गेल्यावर त्याचं अवघड होईल असं अनेकांना वाटत होतं. पहिल्या शर्यतीत ऑस्ट्रेलियात पहिल्याच वळणावर गाडी गरकन फिरली. दुसऱ्या शर्यतीत मलेशियात दुसऱ्या क्रमांकावर असताना तो ट्रॅकबाहेर गेला. दोन शर्यतींनंतर कुणी पेपर लिहिला असता तर निष्कर्ष ठरलेलाच होता. पण तिसरी शर्यत त्याने जिंकली आणि १८ शर्यतींच्या त्या हंगामात सगळ्यांत जास्त, म्हणजे सहा विजय त्याचेच होते. अजिंक्यपद हुकलं ते एका गुणाने, ९८ विरुद्ध ९७. मोजमापाची खिडकी दोन शर्यतींची की अठरांची, एवढ्यावर निष्कर्ष उलटतो.

रेड बुलची केस: आकडे काय सांगतात

ड्रायव्हर चांगला की गाडी चांगली, हा जुना वाद आहे. दोन्ही गोष्टी एकमेकांत गुंतलेल्या असतात, कारण चांगल्या गाडीला चांगला ड्रायव्हर मिळतो. यातून वाट काढायचा नेहमीचा मार्ग म्हणजे संघातल्या दोघांची तुलना. गाडी जवळपास सारखी, म्हणजे फरक माणसाचा.

व्हेटेल आणि मार्क वेबर २००९ ते २०१३ एकत्र होते. २०१० मध्ये व्हेटेलचे गुण २५६, वेबरचे २४२, विजय पाच विरुद्ध चार. २०११ मध्ये गुण ३९२ विरुद्ध २५८, विजय ११ विरुद्ध एक. २०१२ च्या सुरुवातीला एक्झॉस्टवर कडक बंधनं आली, आणि पहिल्या दहा शर्यतींनंतर वेबर १२० गुणांसह व्हेटेलच्या ११० गुणांच्या पुढे होता!

किती छान गोष्ट जमते ना? झोत वाढला, व्हेटेल पुढे गेला. झोत काढला, वेबर बरोबरीला आला. आता ही गोष्ट एकेका खिळ्यावर ठोकून बघू.

पहिला खिळा: *एकाच वेळी काय काय बदललं?* २०११ मध्ये टायर ब्रिजस्टोनचे जाऊन पिरेलीचे आले. ओव्हरटेकिंगसाठी डीआरएस आलं. ऊर्जा साठवणारी केर्स यंत्रणा परत आली. वेबरला पिरेलीचे टायर जपणं जड गेलं असेल तर दोष झोताला द्यायचा की टायरला? वर्षाच्या आकड्यांवरून हे वेगळं करता येत नाही.

दुसरा खिळा: *उपचार खरंच चालू-बंद होता का?* तसाही नव्हता. झोताचं तंत्र रेड बुलकडे २०१० मध्येच आलं होतं. आणि २०१२ च्या बंधनांनंतर संघांनी एक्झॉस्टचा झोत बॉडीवर्कवरून वळवून तो फायदा थोडाथोडा परत मिळवला. ‘नियम बदलला’ आणि ‘गाडी बदलली’ या दोन वेगळ्या घटना आहेत.

तिसरा खिळा: *काय मोजतोय?* गुणांमध्ये यांत्रिक बिघाड मिसळलेला असतो. २०१२ मध्ये व्हेटेल व्हॅलेन्सियात आघाडीवर असताना गाडी बंद पडली. वेबरची पुढे अमेरिकेत बंद पडली. शैली बघायची तर पात्रता फेरी बरी, तिथे एकट्याने एक लॅप मारायचा असतो. आता पोल बघा: २०१० मध्ये व्हेटेल १०, वेबर ५. २०११ मध्ये १५ आणि ३. २०१२ मध्ये ६ आणि २. म्हणजे गुणांत जो ‘अचानक’ फरक दिसत होता, तो पोलमध्ये आधीपासून होता. २०११ मध्ये तो वाढला हे खरं, पण शून्यातून आला नाही.

चौथा खिळा मला सगळ्यांत जास्त आवडतो. २०११ मध्येच एक जवळजवळ आदर्श प्रयोग घडला होता. सिल्व्हरस्टोनच्या शर्यतीपुरतं, पाय उचललेला असताना झोत चालू ठेवण्यावर बंधन आलं आणि पुढच्याच शर्यतीला ते सैल केलं. टायर तेच, ड्रायव्हर तेच, महिना तोच. सिल्व्हरस्टोनला पोल कुणी मिळवला? वेबरने! झालं, सिद्ध झालं असं वाटतं. पण थोडं थांबून आजूबाजूचे आकडे बघा. वेबरचे त्या वर्षीचे पोल तीन: स्पेन, ब्रिटन आणि जर्मनी. स्पेनला हे बंधन नव्हतं. जर्मनीला ते उठलेलं होतं. म्हणजे ज्या एका शर्यतीवर आपण इमारत उभी करणार होतो, तिच्या पुढच्याच शर्यतीत, जुना नियम परत आल्यावरही, निकाल तोच आला. कदाचित त्या महिन्यात वेबर चांगल्या लयीत होता. कदाचित ते ट्रॅक त्याला आवडायचे. एका निरीक्षणावर यातलं काहीच ठरत नाही.

झोताने व्हेटेलला फायदा झाला हे खोटं आहे असं मी म्हणत नाहीये. यंत्रशास्त्र त्या बाजूने आहे. पण ‘शक्य आहे, कारणही पटतं’ आणि ‘दाखवून दिलं’ यांतलं अंतर तुम्हाला दिसलं पाहिजे.

मग २०१४ चं काय?

व्हेटेलचे १६७ गुण, रिकार्डोचे २३८. इथे जोडीदारच बदलला आहे, त्यामुळे २०१३ शी सरळ तुलना होत नाही. रिकार्डो वेबरपेक्षा सरस असेल तर व्हेटेल जसाच्या तसा राहूनही मागे दिसेल. ऑस्ट्रेलिया, मोनॅको आणि ऑस्ट्रिया या शर्यती व्हेटेलला सोडाव्या लागल्या. रिकार्डोचाही ऑस्ट्रेलियातला दुसरा क्रमांक इंधनप्रवाहाच्या नियमावरून काढून घेतला गेला.

आणि मुख्य मुद्दा पुढच्या वर्षीचा. २०१५ मध्ये व्हेटेल फेरारीत गेला. इंजिनाचे मूळ नियम तेच. दुसऱ्याच शर्यतीत, मलेशियात तो जिंकला, वर्षभरात तीन विजय मिळाले. ‘हायब्रिड गाडी त्याला जमत नव्हती’ हे वाक्य इथे तुटतं. फार तर ‘*त्या* नियमाखालची *ती* गाडी *त्याला* जुळली नाही’ एवढं म्हणता येतं. संख्याशास्त्राच्या भाषेत हा नियमाचा किंवा माणसाचा एकेकट्याचा परिणाम नाही, दोघांची आंतरक्रिया आहे. तुमच्या मॉडेलमध्ये आंतरक्रियेचं पद नसेल तर ती दिसणारच नाही.

२०१६ मध्ये अँड्र्यू बेल आणि सहकाऱ्यांनी १९५० ते २०१४ च्या निकालांवर बहुस्तरीय मॉडेल लावलं. निकालातला फरक त्यांनी संघ, संघाचं ते विशिष्ट वर्ष आणि ड्रायव्हर अशा थरांत वाटला. संघाचा वाटा ड्रायव्हरपेक्षा बराच मोठा निघाला आणि काळानुसार तो वाढत गेलाय असंही दिसलं. पावसात आणि शहरी रस्त्यांच्या ट्रॅकवर मात्र तो कमी होत असावा. गाडीचा वाटा काढून टाकल्यावर पहिला आला तो हुआन मॅन्युएल फांगिओ. हा अभ्यास वाचायचा तो फांगिओसाठी नाही, थर कसे पाडले ते बघण्यासाठी.

तुम्हाला करून बघायचं असेल तर

२०२२ मध्ये मोठा नियमबदल झाला. गाडीच्या तळातून डाउनफोर्स घेणारी रचना आली, चाकं १३ इंचांवरून १८ इंचांची झाली. आणि २०२१ ची जोडी २०२२ मध्येही तशीच ठेवणारे सहा संघ होते: रेड बुल, फेरारी, मॅक्लारेन, अल्पिन, ॲस्टन मार्टिन आणि अल्फाटॉरी. जोडी तीच, नियम वेगळे. तीन जोड्यांत एका ड्रायव्हरचा संघाच्या गुणांतला वाटा बघा:

- रेड बुलमध्ये पेरेझ: ३२ टक्क्यांवरून ४० टक्के
- फेरारीत साइन्झ: ५१ टक्क्यांवरून ४४ टक्के
- मॅक्लारेनमध्ये रिकार्डो: ४२ टक्क्यांवरून २३ टक्के

नियम सगळ्यांना एकच, पण दिशा वेगवेगळी. वरचे चार खिळे इथेही ठोकायचे आहेत, ते तुमच्यावर सोडतो. आणि हो, २०१४ मध्ये जो सहज जुळवून घेणारा वाटला होता, तोच रिकार्डो इथे घसरलाय. ‘जुळवून घ्यायची क्षमता’ हा माणसाचा कायमचा गुण आहे असं धरणाऱ्यांनी यावर विचार करावा.

गुणांच्या पुढे जायचं असेल तर फास्टएफवन नावाची मोफत पायथन लायब्ररी आहे. २०१८ पासूनचा वेग, ॲक्सिलरेटर, गिअर असा डेटा त्यातून मिळतो. पण उतरवण्याआधी त्याच्या मर्यादा बघा. ब्रेक फक्त ‘चालू’ किंवा ‘बंद’ असा नोंदलेला आहे, किती जोराने दाबला ते नाही. स्टिअरिंगचा कोन नाही. नोंदी सेकंदाला साधारण चार. ताशी ३०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ८३ मीटर, म्हणजे दोन नोंदींमध्ये गाडी वीस मीटर पुढे गेलेली असते. ‘हा ड्रायव्हर पाच मीटर उशिरा ब्रेक करतो’ असा दावा एका लॅपवरून करायचा तर डेटा तेवढा बारीकच नाही. आधी मोजपट्टी बघायची, मग प्रश्न ठरवायचा.

सिनॉप्सिस लिहिण्याआधी

तुमचा विषय रेसिंग असण्याची काही गरज नाही. ठिबक सिंचनाच्या अनुदानानंतर उसाचं उत्पादन वाढलं का, नवीन अभ्यासक्रमानंतर निकाल सुधारला का, सांगाडा हाच आहे. एवढे प्रश्न कागदावर लिहून त्यांची उत्तरं शोधा:

१. त्याच काळात आणखी काय बदललं? (उसाच्या बाबतीत त्या वर्षीचा पाऊस, भाव, बियाणं.)

२. तुलना कुणाशी? ज्याच्यावर बाकी सगळं सारखंच आलं, असा ‘संघातला जोडीदार’ तुमच्या विषयात कोण?

३. नियम कागदावर बदलला ती तारीख आणि प्रत्यक्षात बदलला ती तारीख एकच आहे का?

४. बदलाच्या *आधी* दोघांतला फरक कसा होता? तो आधीपासूनच वाढत असेल तर?

५. किती काळाने मोजणार, आणि तेवढाच काळ का?

६. मी जे मोजतोय त्यात दुसरं काही मिसळलंय का?

७. माझं म्हणणं खोटं असेल तर आकड्यांत काय दिसायला हवं? वेबरचा जर्मनीतला पोल आठवा.

सातव्या प्रश्नाचं उत्तर डेटा उघडायच्या आधी लिहून ठेवा, तारखेसकट. नंतर लिहिलं तर आपण नकळत उत्तराला सोयीचा प्रश्न बनवतो.

२०२६ पासून फॉर्म्युला वनचे नियम पुन्हा बदललेत. विजेच्या मोटरची ताकद १२० वरून ३५० किलोवॅट झाली आहे, पंख चालत्या गाडीत आकार बदलतात, डीआरएस गेलं आहे. ‘अमक्याला नवी गाडी जमली, तमक्याला नाही’ अशा मथळ्यांना तोटा नसेल. तसा एखादा मथळा दिसला की त्याखाली वरचे सात प्रश्न लावून बघा. सरावाला यापेक्षा स्वस्त प्रयोगशाळा मिळणार नाही.

सहा जोड्यांपैकी एखादी घेऊन कुणी आकडेमोड केली तर जरूर कळवा. पुढच्या लेखात ‘फरकांतला फरक’ काढायची पद्धत याच डेटावर पायरी-पायरीने करून बघू.